दोन फुटांचा समुद्र

माझा स्वभाव मापाचा. बियाण्याच्या दुकानात वाढलेल्या माणसाचा तो होतोच. एकराला किती धान, किती पाण्यात किती औषध, हे गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळा होत असे. गिऱ्हाईक त्यावर काही बोललं तर मला राग यायचा. राग अजूनही येतो, पण आता गिळतो. हे गिळणं मी एका काचेच्या टाकीपायी शिकलो. ती दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच होती, आणि ते माप मी ठरवलं होतं.

आमची शेती आंबागडच्या किल्ल्याखाली आणि दुकान तुमसरात. सत्तरच्या दशकात मी चार-पाच वर्षं मुंबईत एका कचेरीत कारकुनी केली. समोरच्या टेबलावर टायपिंग करणारी मुलगी पुढं माझी बायको झाली. ती अलिबागच्याही खालच्या किनाऱ्यावरची. तिचे वडील समुद्राकाठच्या एका छोट्या मत्स्यालयात टाक्या सांभाळायचे. शाळेतून आली की ती दप्तरासकट त्यांच्याकडे जायची आणि त्यांच्याबरोबर काचा पुसायची. खारं पाणी, त्यातले मासे आणि त्यांची दुखणी तिला लहानपणापासून माहीत होती. मला बियाणं माहीत होतं. दोघांनाही आपापलं येत होतं, आणि तिचं तिला येतं एवढं मान्य करायला काही मला कोणी फी लावली नसती.

ऐंशीच्या सुमारास बाबूजींचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे गेले. दुकानात उभं राहणं त्यांना जमेना, म्हणून मी नोकरी सोडून तुमसरला परत आलो. ती आली माझ्यामागून. मुंबईहून रेल्वेनं जवळजवळ एक अख्खा दिवस, आणि जसजसं पुढं जावं तसतसा समुद्र मागं. आमच्याकडे तलाव आहेत, त्यांहून लहान अशा शेतातल्या बोड्या आहेत, वैनगंगा आहे. पाण्याची ददात नाही, पण सगळं गोडं. इथली मासळी तिला मातकट लागायची. मे महिन्यातलं ऊन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दारात उभी राहून नुसती बघत राहिली होती. पण तक्रार म्हणून कधी केली नाही. मायजवळ बसून इथला स्वयंपाक शिकली, बाबूजींच्या पायांना तेल लावू लागली, आमची बोली तिला समजू लागली. ती बोलत नाही म्हणजे सुखात आहे, असं मी धरून चाललो. हे धरून चालणं फार सोयीचं असतं.

दोन वर्षांनी तिनं पहिल्यांदा काही मागितलं. दिवाळीच्या आधी जेवण वाढता वाढता म्हणाली, "अहो, घरात एक खाऱ्या पाण्याची टाकी करू या का? दादा पाणी आणून देईल. मासे पण आणेल."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याच्याशी तिचं पत्रातून सगळं आधीच ठरलेलं होतं. हावड्याकडे जाणाऱ्या मेलनं तो कॅन घेऊन यायला तयार होता. तिनं पोलक्यातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर टाकीचं चित्र होतं आणि मापं होती. लांबी चार फूट, रुंदी दीड फूट, उंची दीड फूट.

"एवढी मोठी?" मी म्हणालो.

"यापेक्षा लहान नको. बाबा म्हणायचे, मोठी टाकी माणसाच्या चुका पोटात घालते. लहान टाकी घालत नाही."

मी कागद घेतला आणि बैठकीत जाऊन फुटपट्टी लावली. बैठकीत भिंतीला लागून दिवाण होता. दुकानात येणारे शेतकरी, व्यापारी, बाबूजींचे सोबती त्यावर बसत. चार फुटांची टाकी ठेवायची तर दिवाण आत न्यावा लागणार होता. न्यायला काहीच हरकत नव्हती. आतल्या खोलीत जागा होती, आणि माणसं खुर्च्यांवरही बसली असती. पण माझ्या डोक्यात माणसं बोलू लागली होती. सुनेनं आल्या आल्या सासऱ्याचा दिवाण हलवला. पोरगा मुंबईला गेला आणि बायकोच्या तालावर नाचायला शिकून आला. बाबूजी काय म्हणतील, याची तर मला सगळ्यात जास्त धास्ती होती. हे मी तिला सांगितलं असतं तर निदान खरं तरी बोललो असतो. मी तिला वेगळंच सांगितलं.

मी म्हणालो, "हे बघ, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आमच्याकडे धान थेट बांधीत, म्हणजे मोठ्या शेतात, लावत नाहीत. आधी लहानशा तुकड्यात पऱ्हे टाकतात, रोपं वर आली की मग बांधीत रोवणी. माशांची पिल्लं पण आधी बोडीत वाढवतात, मग तलावात सोडतात. आपणही आधी दोन फुटांची करू. जमलं तर पुढच्या वर्षी मोठी."

"इथं ते उलट असतं हो. लहान टाकी सांभाळणं जास्त अवघड."

"मग मला सांग, तुझा दादा मासे कुठून धरणार?"

"खडकातल्या डबक्यांमधून. भरती ओसरली की त्यात राहतात."

"डबकं केवढं असतं?"

ती माझ्या हातातल्या फुटपट्टीकडे बघू लागली. मला वाटलं, पकडली. मी म्हणालो, "परातीएवढं असतं ना? त्यात जगतात, मग दोन फुटांत काहून नाही जगणार?"

ती हळूच म्हणाली, "त्या डबक्यात दिवसातून दोनदा समुद्र येतो."

आज वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात एक ओळखीचा शेतकरी धानाच्या पैशांचा चुकारा मागायला आत आला. लोकांसमोर मी तिच्याशी आमच्या बोलीत बोलायचो. कागदाची घडी करून तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "तुले काय समजते? मी पाहतो ना."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. ते "बरं" मला तेव्हा होकार वाटलं होतं.

बाजारात देवांच्या तसबिरींना काचा बसवणारा एक कारागीर होता. त्यानं जन्मात टाकी केली नव्हती, पण नाही म्हणण्याची त्याची पद्धत नव्हती. नागपूरहून मी काच चिकटवायचा रबरी डिंक आणि हवेचा छोटा पंप आणला. पहिली टाकी एका कोपऱ्यातून गळली, दुसरी टिकली. दिवाणाच्या उशाशी एका उंच स्टुलावर ती बरोबर बसली. दिवाण तसूभरही हलला नाही, याचं मला केवढं समाधान होतं म्हणून सांगू!

दादानं दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला खारं पाणी, वाळू आणि समुद्रातले दगड आले. त्यानंतर महिनाभर तिनं एक मासा येऊ दिला नाही. पाणी आधी पिकावं लागतं, म्हणायची. संक्रांतीनंतर दादा पुन्हा आला, तेव्हा कॅनमध्ये बोटाएवढे पाच मासे होते, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले, आणि शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा. दर स्टेशनाला तो पेल्यानं पाणी ढवळत आला होता. मासे सोडताना त्यानं टाकीकडे आणि मग बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सध्या एवढीच." तिनं माझं नाव घेतलं नाही.

मग आमच्या घरात काहीतरी बदललं. माय पहिल्या दिवशी टाकीपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काय वं बाई, ह्या मासोळ्या खाच्या हायेत का पाहाच्या?" माझी बायको इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला असं हसताना मी मुंबई सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. दुपारी कामं आटोपली की ती टाकीजवळ बसायची. रोज पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची आणि कमी झालेलं पाणी पेल्यानं भरायची. खेकडा दगडावर चढला की हाका मारून सगळ्यांना दाखवायची. बाहेरच्या माणसांशी न बोलणारी ती, दिवाणावर बसलेल्या शेतकऱ्यांना समुद्र कसा असतो ते सांगू लागली. बपेऱ्याकडचा एक म्हातारा तर बियाणं नको असलं तरी यायचा.

आणि बाबूजी! ज्यांच्या भीतीनं मी फुटपट्टी आखडली, ते उशी दुसऱ्या टोकाला घेऊन टाकीकडे तोंड करून पडू लागले. एके दिवशी मला म्हणाले, "एवढीशी काहून केली रे? उन्हाळ्यात बोडी आटते, तलाव आटत नाई. एवढं बी तुले समजत नाई?"

"जागा कुठं होती, बाबूजी?"

"काहून? हा दिवाण काय इथं जन्मले आला का? आत ठेवला असता."

मी दुकानाची किल्ली उचलून निघालो. बाबूजींनी असं म्हटलं हे बायकोलाही सांगितलं नाही. तेव्हाच सांगून मोठी टाकी करायला टाकली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं कबूल करायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं.

मे महिन्यात दादाचं लग्न निघालं. दुकानात खरिपाचं बियाणं सुटायचे दिवस, त्यामुळे मला जाणं शक्य नव्हतं. ती एकटीच माहेरी निघाली, पंधरा दिवसांसाठी. जायच्या आधी तिनं टाकीच्या काचेवर खडूनं रेघ ओढली आणि बाजूला कागद चिकटवला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : पाणी रेघेच्या खाली गेलं की विहिरीचं गोडं पाणी घालावं. मीठ घालू नये. निघताना पुन्हा तोंडी सांगितलं. टांग्यात बसल्यावर आणखी एकदा सांगितलं. मी चिडून म्हणालो, "आता माय-बाबूजींच्या देखत माझी परीक्षा घेतेस का?"

पहिले दोन दिवस मी कागदाप्रमाणे वागलो. पण त्या उन्हात एवढ्याशा टाकीतलं पाणी कसं उडे म्हणता! रोज एक-दीड लिटर घालावं लागे. तिसऱ्या दिवशी माझ्यातला मापारी जागा झाला. मी बोटांवर हिशेब करून पाहिला. सगळं मिळून पन्नासेक लिटर पाणी, त्यात पंधरा दिवस रोज दीड लिटर गोडं पाणी. ती येईपर्यंत जवळजवळ अर्धा समुद्र गोडा झालेला असेल! हिनं घाईत उलटं लिहिलं असणार. मासे गोड्या पाण्यानं मेले तर तीच मला बोलेल.

आणि खारं पाणी मला शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे पेरणीआधी धान मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे तरंगतात, ते फेकायचे. भरीव दाणे बुडतात, ते पेरायचे. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. हे माप मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं होतं. त्याच मापानं मी बादलीत मीठपाणी केलं आणि रोज रेघेपर्यंत भरू लागलो.

ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाही. मीठ तिथंच राहतं, आणि मी त्यावर रोज नवं मीठ ओतत होतो. चुलीवर डाळ आटली की खारट होते, हे आमच्या घरातल्या कुठल्याही बाईनं मला सांगितलं असतं. पण मी कुठल्याही बाईला विचारलं नाही. बाबूजींनी दिवाणावरून एकदा टोकलं होतं, "बाईनं कागद लावून ठेवला ना? मंग तू मीठ कायले टाकून राहिला?" मी म्हणालो, "बाबूजी, मीठपाण्याचं मले सांगू नका."

आठव्या-नवव्या दिवशी मासे मंद झाले. खाणं तोंडात घेऊन टाकून देऊ लागले. त्यांचा रंग उतरला. मला वाटलं, मीठ कमी पडतंय. मी दोन मुठी आणखी टाकल्या. चार फुटांच्या टाकीत एवढं मीठ घालायला मला महिनाभर राबावं लागलं असतं, तोवर ती परत आली असती. दोन फुटांच्या टाकीत मी ते काम दहा दिवसांत उरकलं. बाराव्या दिवशी दुपारी लाईन गेली, हवेचा पंप बंद पडला. मी दुकानातून जेवायला आलो तेव्हा पाचही मासे वर तरंगत होते. खेकडा शंखातून बाहेर येऊन वाळूत पडला होता. शंखाशिवाय तो इतका लहान आणि गुलाबी असेल असं मला वाटलं नव्हतं. काचेच्या वरच्या कडेला मिठाचा पांढरा थर बसलेला मी त्याच दिवशी पाहिला. रोज समोर होता, पण दिसला मात्र त्या दिवशी.

मी मासे परसात पुरले. टाकीवर पंचा टाकला. तिला पत्र लिहायचं धाडस झालं नाही. माय दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बाबूजींनी उशी पुन्हा पहिल्या टोकाला घेतली.

ती तीन दिवसांनी आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. टाकीतलं पाणी बदलायला तिनं माहेराहून समुद्राचं पाणी आणलं होतं. मायच्या पाया पडली, बाबूजींच्या पाया पडली, आणि मग तिला पंचा दिसला. मी घाईनं म्हणालो, "ऊन फार झालं. त्यात लाईन गेली."

तिनं पंचा उचलला. काचेवरचा पांढरा थर पाहिला. बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तोंड वाकडं झालं तिचं.

"किती मीठ घातलंत?"

मी सांगितलं. का घातलं, तेही सांगितलं. सांगता सांगता माझंच मला ऐकू येत होतं आणि लाज वाटत होती. ती ओरडेल, रडेल, निदान कागदाकडे बोट दाखवेल, असं वाटलं होतं. तिनं तो कागद काढून घडी घातला आणि कमरेला खोचला. टाकी पेल्यापेल्यानं रिकामी केली, दगड धुतले. शेवटी माहेरचा कॅन मोरीत ओतला. पाणी संपेपर्यंत कॅन धरून उभी होती. मला तिच्या हातातून कॅन घ्यावासा वाटत होता, पण मी दारातच उभा राहिलो.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, "चार फुटांची करून घेऊ. उद्याच सांगतो काचवाल्याला. दिवाण आत ठेवू."

"नको," ती म्हणाली.

"जागा आहे गं."

"जागा तेव्हाही होती."

बाबूजी काय म्हणाले होते ते मी तेव्हा तिला सांगितलं. ते ऐकून तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं पुन्हा कधी पाहिलं नाही. म्हणाली, "म्हणजे कोणाचीच हरकत नव्हती. मासे मेले त्याचं एवढं नाही हो. ते तिकडेही मरतात. या घरात एक वस्तू माझ्या मापानं यायला हवी होती, एवढंच."

पुढं सत्त्याऐंशीच्या आसपास आम्ही मागे दोन खोल्या वाढवल्या. मी तिला न सांगता चार फूट बाय दीड फूट बाय दीड फूट टाकी करून आणली. न सांगता! म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिनं काचेवरून हात फिरवला, चांगली झाली म्हणाली. दादाला पत्र लिहितेस का, असं विचारलं तर म्हणाली, त्याला आता दोन मुलं, त्याला कुठं त्रास द्यायचा. मी जाऊन पाणी आणतो म्हणालो. त्यावर नुसती हसली. टाकी वर्षभर रिकामी राहिली, मग एका शाळेला देऊन टाकली.

तिनं संसारात काही कमी केलं नाही. मुलांचं केलं, माय-बाबूजींचं अखेरपर्यंत केलं. आता आमची बोली माझ्यापेक्षा चांगली बोलते. भांडतेही माझ्याशी, भाजी उशिरा आणली म्हणून, चष्मा हरवला म्हणून. पण त्या मे महिन्यानंतर तिनं स्वतःसाठी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. नागपूरला निघालो की मी मुद्दाम विचारतो. साडी कोणत्या रंगाची, चप्पल किती नंबरची, बांगड्यांचं माप काय. दाराशी थांबून राहतो. ती आतूनच सांगते, "तुमच्या अंदाजानं आणा."